घर बघायला सगळे येतात, तपासतं कोण?

बीदर जिल्ह्यात औराद तालुक्यातल्या चिंताकीसारख्या गावात घर बांधायला काढलं की ते बघायला येणाऱ्यांची कमतरता नसते. परवानगीसाठी पंचायतीचे विकास अधिकारी (पीडीओ) येतात. घरकुल मंजूर असेल तर प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढायला कुणीतरी येतं. कर्ज काढलं तर बँकेचा मूल्यांकनकार येतो, मीटर बसवायला जेस्कॉम या वीज कंपनीचा माणूस येतो, आणि अतिवृष्टीत भिंत पडली की पंचनाम्याला तलाठी येतो. प्रत्येकाच्या हातात आपापला कागद असतो. जागा कुणाची, पाया झाला का, किंमत किती, नुकसान किती टक्के, असे प्रश्न त्या कागदांवर असतात. हे घर येत्या पावसाळ्यात आणि पुढची तीस वर्षं धड उभं राहील का, हा प्रश्न त्यांतल्या जवळपास कुणाच्याच कागदावर नसतो.

घराच्या तपासणीबद्दलचे बहुतेक गैरसमज इथून सुरू होतात. ‘इंजिनिअर येऊन बघून गेला’ एवढ्यावर घरमालक निर्धास्त होतो. तो इंजिनिअर काय बघायला आला होता, हे कुणी विचारत नाही. बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात हा घोटाळा आणखी वाढतो, कारण एकाच कुटुंबाचं गावात माळवद असतं, हैदराबादेत भाड्याची खोली असते आणि पुण्यात पोराने हप्त्यावर घेतलेला फ्लॅट असतो. तीन राज्यांचे तीन कायदे आणि तपासणीच्या तीन तऱ्हा. म्हणून कोणती तपासणी काय सांगते आणि काय सांगत नाही, याचा एकदा सलग आढावा घ्यायला हवा.

आपली घरं आणि खालची जमीन

या भागात ढोबळमानाने तीन प्रकारची घरं आहेत. पहिलं माळवद: दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया आणि कड्या, त्यांवर किलचन आणि वर पांढऱ्या मातीचा थर. दुसरं पत्र्याचं. तिसरं स्लॅबचं, म्हणजे कॉलम-बीमचं काँक्रीटचं घर. आता प्रत्येकाला हवं असतं ते हेच. अनेक वाड्यांत तिन्ही प्रकार एकमेकांना चिकटून उभे आहेत. पुढे स्लॅब, मध्ये पत्रा, मागे आजोबांचं माळवद.

जमीनही सारखी नाही. बीदर शहर जांभ्याच्या पठारावर आहे. किल्ल्यात तोच दगड आहे, जुन्या घरांतही तोच. पठार उतरून औराद, भालकीकडे आलं की काळी माती लागते. पिकाला ती सोन्यासारखी, घराला मात्र वैरीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरच्या घराला दरवर्षी उचलून खाली ठेवते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या निघालेल्या भेगा, जोत्यापासून सुटलेली पायरी, मधोमध उचललेली फरशी ही त्याचीच लक्षणं आहेत. जुने गवंडी मुरूम लागेपर्यंत पाया खणायचे, त्यामागचं कारण हेच. मुरूम फार खोल असेल तर तळाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खांब जमिनीत उतरवण्याची पद्धत रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच विकसित केली. साध्या घरासाठी निदान चर मुरमाने भरणं, घराभोवती उताराची फरसबंदी करणं आणि सांडपाणी पायापासून लांब नेणं, एवढं तरी व्हायला हवं. त्यामुळे इथल्या कुठल्याही तपासणीत पहिला प्रश्न असावा तो पायाचा: किती खोल गेलात, आणि तळाला काय लागलं? याचं उत्तर घर बांधून झाल्यावर कुणी देऊ शकत नाही. पाया उघडा असताना काढलेला एखादा फोटो पुढे कामाला येतो.

किल्लारीने काय शिकवलं

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी महाराष्ट्रातल्या किल्लारीला भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. तीव्रता सुमारे ६.२ होती. जगाच्या मानाने हा भूकंप मध्यम म्हणावा असा, तरी सुमारे आठ हजार माणसं गेली. किल्लारी बीदरपासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर आहे. त्या वेळच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. २००२ मध्ये भूकंपाचं मानक सुधारलं तेव्हा पहिलं क्षेत्रच रद्द झालं आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात गेला.

माणसं घरांनी मारली, तीही दिसायला सर्वांत दणकट असलेल्या घरांनी. दोन-अडीच फूट जाडीची भिंत बघून कुणालाही भरवसा वाटावा. पण ती एक भिंत नसते. बाहेरचा दगडी थर वेगळा, आतला वेगळा, मधे चिपा आणि माती. दोन्ही थरांना आरपार बांधणारे जोडदगड नसले की हादऱ्यात ते थर एकमेकांपासून सुटतात आणि वरचं छत खाली येतं. त्या छताचं वजनही बघा. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे कोरडी असतानाच साडेचार-पाच टन होतात. ओली झाली की त्याहून जास्त. गळती थांबवायला दर काही वर्षांनी नवा थर टाकला जातो आणि जुना कुणी काढत नाही, त्यामुळे फुटाचे दीड-दोन फूट कधी होतात ते कळतही नाही. छताचा भार ज्यांत लाकडी खांबांवर होता ती खणांची घरं काही ठिकाणी तगली. भिंती पडल्या, पण छत खांबांवर राहिलं.

त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीने महाराष्ट्रात मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. नवी गावं वसली आणि तेरा जिल्ह्यांत मिळून दोन लाखांच्या घरात घरांची दुरुस्ती व मजबुती झाली. त्यासाठी वापरलेल्या युक्त्या आजही लागू आहेत: माळवदावरची जादा माती काढणं, भिंतीला आरपार भोक पाडून त्यात सळई घालून काँक्रीट भरणं म्हणजेच नवा जोडदगड बसवणं, आणि दार-खिडक्यांच्या वरून घराभोवती जाळी-सिमेंटचा पट्टा फिरवणं. दगड-मातीच्या घरांसाठीचं भारतीय मानक १३८२८ भूकंपाच्याच वर्षीचं, १९९३ चं आहे. जोडदगड उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि आडवे एकमेकांपासून १.२ मीटरपेक्षा जास्त अंतरावर नसावेत, असं ते सांगतं. किल्लारी आणि आपल्या मधे फक्त राज्याची सीमा होती, माळवदं दोन्हीकडे तशीच. मात्र हा कार्यक्रम महाराष्ट्राचा होता, त्यामुळे सीमेअलीकडच्या घरांना त्याचा हात लागला नाही.

भूकंप तेवढाच होऊन गेला, असंही नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये कलबुर्गीच्या चिंचोळी तालुक्यात गडिकेश्वर परिसरात ४ च्या आसपास तीव्रतेचे धक्के बसले आणि लोकांनी रात्री बाहेर काढल्या. २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोलीकडचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले. शिवाय घर पडायला भूकंपच लागतो असं नाही. जून २०१९ मध्ये बसवकल्याणात घर कोसळून एकाच कुटुंबातले सहा जण झोपेत दगावले.

सरकारी भेटी: कागद कशाचा, पाहणी कशाची

कर्नाटक ग्राम स्वराज आणि पंचायत राज अधिनियम, १९९३ च्या कलम ६४ प्रमाणे गावात घर बांधायला ग्रामपंचायतीची लेखी परवानगी लागते. पंचायत पाहते ते मालकी, हद्द, रस्त्यापासूनचं अंतर. मालमत्तेच्या ‘ई-स्वत्तु’ नोंदीचे नमुना ९ आणि ११ हातात असल्याशिवाय परवानगी, कर्ज, खरेदीखत यांपैकी काहीच धड पुढे सरकत नाही, हे इथे सगळ्यांना पाठ आहे. बीदरच्या जुन्या शहरात आणखी एक दार आहे: संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी. किल्ला किंवा महमूद गवानचा मदरसा ज्यांच्या शेजाराला आहे, त्यांनी पाया खणण्याआधीच हे विचारून घ्यावं.

घरकुलाची तपासणी टप्प्यांची असते. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण सपाट भागाला १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचं घर हे माप ठरलेलं आहे. राज्याच्या योजना राजीव गांधी ग्रामीण वसती निगमामार्फत चालतात. पाया, लिंटल, छत आणि पूर्णत्व या टप्प्यांचा जागेच्या अक्षांश-रेखांशासह फोटो चढला की हप्ता सुटतो. एके काळी कागदावरच बांधलेली घरं असत, त्यांना या पद्धतीने चाप बसला आणि हे श्रेय तिला द्यायलाच हवं. पण छत पडलं एवढंच त्या फोटोत दिसतं. छतात सळई किती, ती कुठे बांधली, त्यावर पाणी किती दिवस मारलं, हे फोटोत येत नाही.

बँकेचा मूल्यांकनकारही घर बघतो, पण बँकेच्या डोळ्यांनी. घर विकून कर्ज वसूल होईल का, हा त्याचा प्रश्न. तो खोल्या मोजतो, हद्द जुळवतो, भाव लावतो आणि तासाभरात निघतो. कर्ज मंजूर झालं म्हणजे घर मजबूत ठरलं, असा त्याचा अर्थ नाही. त्याचा अहवाल बँकेसाठी असतो, तरी आपण तो मागायला हरकत नाही. घराचं वय आणि उरलेलं आयुष्य यावर त्यात काय लिहिलंय ते वाचावं.

विजेच्या जोडणीसाठी परवानाधारक कंत्राटदाराचा वायरिंगचा दाखला लागतो. अनेकदा दाखला एकाचा आणि वायरिंग दुसऱ्याचं असतं. मीटरच्या अलीकडचं सगळं घरमालकाच्या जबाबदारीचं. उन्हाळ्यात काळी माती वाळली की अर्थिंगचा खड्डा निकामी होतो आणि मग फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात. गळणारा प्रवाह ३० मिलिअँपिअरला पोचताच वीज तोडणारा ईएलसीबी बसवला आणि महिन्यातून एकदा त्याचं चाचणीचं बटण दाबून पाहिलं, तर एवढी स्वस्त तपासणी दुसरी नाही.

पंचनाम्याची गोष्ट वेगळी. इथे नुकसान टक्क्यांत मोजतात. २०१९ च्या पुरानंतर कर्नाटकात तीन वर्ग ठरले होते: ७५ टक्क्यांहून जास्त, २५ ते ७५ आणि १५ ते २५. पंधराच्या खाली मदत नाही. त्यामुळे तलाठी आणि इंजिनिअर येण्याआधी ढिगारा उपसू नये. चारही बाजूंनी, तारखेसह फोटो काढावेत, नमुना ९-११, आधार आणि पासबुक हाताशी ठेवावं आणि आपलं घर कोणत्या वर्गात टाकलं ते तिथेच विचारून घ्यावं. सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. पंचनामा पडलेली भिंत मोजतो, उभ्या राहिलेल्या तीन भिंतींबद्दल काही बोलत नाही. आणि माणसं रात्री झोपायला जातात ती त्याच तीन भिंतींत.

शहरातला फ्लॅट: स्ट्रक्चरल ऑडिट

पुण्या-मुंबईत फ्लॅट असलेल्यांना ‘ऑडिट’ हा शब्द सोसायटीच्या सभेत ऐकायला मिळतो. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींना स्थैर्याचा दाखला कायद्यानेच सक्तीचा आहे. निकाल चार वर्गांत येतो. सी-१ म्हणजे इमारत रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग पाडणं. सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच संरचनेची दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-१ चा शिक्का बसला की भाडेकरू आणि मालक यांच्यात वाद पेटतो, दुसऱ्या बाजूचा दुसरा अहवाल येतो आणि प्रकरण पालिकेच्या तांत्रिक समितीपुढे किंवा न्यायालयात जातं. म्हणून अहवालात मत असून भागत नाही, मोजमापं हवीत.

वयाचा हा नियम गरजेचा आहे, पण पुरेसा नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये मुंबईत डॉकयार्ड रोडची पालिकेची इमारत पडून ६१ जण गेले, ती तिशी ओलांडलेली होती. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंब्र्यात पडलेली इमारत बांधून पूर्णही नव्हती, आणि तिथे ७४ माणसं गेली. धारवाडला मार्च २०१९ मध्ये १९ जण गेले, ती इमारतही बांधकामातच होती. ऑगस्ट २०२० मध्ये महाडची ‘तारिक गार्डन’ कोसळली आणि १६ जणांचा बळी गेला. तिला दहा वर्षंही झाली नव्हती. म्हणजे या शेवटच्या तीन इमारती ऑडिटच्या वयाला पोचल्याच नव्हत्या. म्हातारपण हा एक आजार झाला. जन्मजात दोषासाठी बांधकाम चालू असतानाच पाहणी लागते.

नवा फ्लॅट घेणाऱ्याला रेराचं, म्हणजे स्थावर मालमत्ता कायद्याचं, कलम १४ मदतीला आहे. ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत संरचनेत किंवा कामाच्या दर्जात दोष निघाला तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. मात्र दोष लेखी आणि तारखेनिशी कळवलेला हवा. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात भोगवटा प्रमाणपत्राशिवाय वीज-पाणी जोडणी आणि बँकेचं कर्ज देऊ नये असं बजावलं, आणि कर्नाटकातल्या वीज कंपन्यांनीही त्यानंतर हा दाखला मागायला सुरुवात केली. घर घेताना भोगवटा प्रमाणपत्र मागावं, ते यासाठी. तेवढ्यावर मात्र थांबू नये.

यंत्रं काय सांगतात

काँक्रीटच्या घराची तपासणी डोळ्यांपासून सुरू होते आणि बरीचशी डोळ्यांनीच होते. सळईच्या रेषेत गेलेली भेग, तांबूस डाग, बीमच्या तळाचे पोपडे, ठोकल्यावर पोकळ वाजणारा गिलावा यांवरून अनुभवी इंजिनिअर निम्मा अहवाल मनात लिहून टाकतो. यंत्रं त्यानंतर येतात.

रिबाउंड हॅमर पृष्ठभागाची कठीणता सांगतो. गिलावा न काढता तो मारणारा माणूस घरमालकाचे पैसे वाया घालवतो. अल्ट्रासॉनिक चाचणीत काँक्रीटमधून ध्वनिलहर किती वेगाने जाते ते मोजतात. जुन्या भारतीय मानकाप्रमाणे सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर वेग चांगला, तीनच्या खाली शंकास्पद. आतली सळई गंजते आहे का, याचा अंदाज हाफ-सेल चाचणीने येतो. काँक्रीटच्या ताज्या तुकड्यावर फेनॉल्फथॅलिन शिंपडलं की निरोगी भाग गुलाबी होतो. जिथे रंग येत नाही तिथे सळईचं संरक्षण संपलेलं असतं. शंका फार असेल तर गोल गाभा कापून प्रयोगशाळेत दाबून पाहतात. काँक्रीटच्या भारतीय मानक ४५६ प्रमाणे गाभ्यांची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या किमान ८५ टक्के आणि कुठलाही एक गाभा ७५ टक्क्यांपेक्षा कमी नसावा. एकट्या चाचणीवर निकाल देऊ नये, हे या कामातलं साधं शहाणपण आहे.

दगड-मातीच्या माळवदाला यांतलं एकही यंत्र फारसं कामाचं नाही. तिथे ओळंबा, टॉर्च, पहार आणि जाणता माणूस लागतो.

पैसे देऊन घर तपासून घेणं

अमेरिकेत घर विकत घेताना खरेदीचा शब्द ‘तपासणीत निभावलं तर’ या अटीवर द्यायची रीत जुनी आहे. तिथली तपासनिसांची संघटना १९७६ पासून आहे. न्यू जर्सीत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबालाही छत, तळघर, वायरिंग, वाळवी, रेडॉन वायू यांचा पानोपानी अहवाल मिळतो आणि त्यावर भाव खाली येतो. इंग्लंडमध्ये सर्वेक्षकांच्या संस्थेने पाहणीच्या तीन पायऱ्या ठरवल्या आहेत. जुन्या आणि बदललेल्या घराला तिसरी, सर्वांत खोल पायरी घ्या असं ते सांगतात. पण तिकडचाही तपासनीस भिंत फोडत नाही. जिथे हात पोचतो आणि नजर जाते तेवढंच तो पाहतो, आणि तसं अहवालात लिहूनही देतो.

भारतात अशा खासगी सेवा बेंगळुरू, पुणे, मुंबई, हैदराबादेत वाढल्या आहेत. ताबा घेण्याआधी ओल मोजणारं यंत्र, उष्णतेचा कॅमेरा, लेसरची पातळी घेऊन माणसं येतात. फरशीचा उतार, बाथरूमची गळती, खिडक्या, स्विच, पाण्याचा दाब यांची यादी देतात. ही यादी बिल्डरकडून कामं करून घ्यायला उपयोगी आहे. पण ती स्ट्रक्चरल ऑडिट नव्हे, आणि हे दोन्ही एक समजून पैसे देणाऱ्यांची संख्या बरीच आहे.

चिंताकीला असा तपासनीस मिळणार नाही. मिळेल तो औराद, भालकी किंवा बीदरचा सिव्हिल इंजिनिअर. त्याला बोलवायची सर्वांत योग्य वेळ स्लॅब टाकण्याच्या आदल्या दिवशी. सळई उघडी असते, तिची जाडी आणि अंतर मोजता येतं, खाली ठोकळे ठेवलेत का ते दिसतं. मानकाप्रमाणे स्लॅबला २० आणि कॉलमला ४० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण हवं. कॉलमच्या रिंगांची टोकं आत वळवलीत का, तेही तेव्हाच कळतं. दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडलं की हे सगळं कायमचं झाकलं जातं, आणि नंतर तेच शोधायला यंत्रांचा खर्च येतो.

दुसरी वेळ त्यानंतरच्या पंधरवड्याची. इकडे बांधकामं रब्बी निघाल्यावर, एप्रिल-मेमध्ये होतात, कारण तेव्हा शेतकऱ्याला सवड असते आणि हातात पैसा असतो. नेमकं तेव्हाच पाणी टँकरचं असतं. मानकाला साध्या सिमेंटसाठी निदान सात आणि मिश्र सिमेंटसाठी निदान दहा दिवस ओलावा लागतो, कडक उन्हात चौदा दिवसांपर्यंत. पाण्याअभावी तीन दिवसांत सुकलेला स्लॅब वरून छान दिसतो, पण त्याची ताकद गेलेली असते. गोणपाट अंथरून वर प्लॅस्टिक टाकलं तर निम्म्या पाण्यात भागतं. सेंट्रिंग गुत्तेदाराच्या घाईने काढू देऊ नये. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्यापुढच्या स्लॅबचे आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमचे चौदा दिवस, असा मानकाचा हिशेब आहे.

तपासणीच्या दिवशी

जुन्या घराच्या पाहणीला अर्धा दिवस तरी धरावा. शिडी, चांगला टॉर्च आणि वर जायला मोकळी वाट ठेवावी. कणगी, फळ्या, भिंतीला लावलेली कपाटं सरकवावीत. ओल आणि वाळवी त्यांच्याच मागे असते. घर कुणी बांधलं, कधी वाढवलं, माती शेवटची कधी टाकली, कोणती भिंत पावसाळ्यात ओली राहते, हे सांगायला घरातली म्हातारी माणसं समोर हवीत. त्यांचं बोलणं हा तपासणीचाच भाग आहे.

माळवदात इंजिनिअरने पाहावं ते असं. भिंतीला पोट सुटलंय का. कोपरे एकमेकांत गुंतलेत की नुसते टेकलेत. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक पहारीने टोचलं तर मऊ लागतं का; ते आतून सडतं आणि बाहेरून कळत नाही. खांबाचा पाय, वरच्या मातीची जाडी, पन्हाळीतून पाणी नीट पडतं की भिंतीतच मुरतं. माळवदावर गवत किंवा भिंतीत पिंपळ उगवलाय का. नवा स्लॅब जुन्या दगडी भिंतीवर टेकवलाय का. ही आपल्याकडची फार नेहमीची आणि फार धोक्याची चूक आहे.

भेगा घाबरवतात, पण सगळ्या सारख्या नसतात. गिलाव्याच्या केसाएवढ्या भेगा बहुधा निरुपद्रवी. पाच मिलिमीटरपुढची भेग गंभीर मानावी. भेग किती रुंद आहे यापेक्षा ती वाढते आहे का, हे जास्त महत्त्वाचं. तिच्यावर प्लॅस्टर किंवा काचेची पट्टी आडवी चिकटवून तारीख लिहावी. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे. काळ्या मातीत निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहिल्याशिवाय निकाल लावू नये.

अहवालाच्या भाषेचा प्रश्नही आहे. पंचायतीचा कागद कन्नडमध्ये, इंजिनिअरचा अहवाल इंग्रजीत, घरातलं बोलणं मराठीत आणि मिस्त्रीचं दखनीत. म्हणून इंजिनिअरला जाण्याआधी घरभर फिरवून, कुठे काय करायचं ते खडूने भिंतीवर खुणा करून दाखवायला सांगावं. लेखी अहवालात चार गोष्टी असायलाच हव्यात: काय पाहिलं, काय पाहता आलं नाही, काय आत्ता करायचं आणि काय पुढच्या वर्षी चालेल. ‘सर्व ठीक’ एवढीच ओळ आणि खाली शिक्का असलेला कागद घेऊ नये. दुरुस्ती करणाऱ्या गुत्तेदाराकडूनच तपासणी करून घेऊ नये, आणि फी आधी लेखी ठरवावी.

मोठी उणीव आणि एक मागणी

सगळं जमेला धरलं तर चित्र असं दिसतं. शहरातल्या जुन्या इमारतीसाठी कायदा आहे, अंमल अर्धामुर्धा आहे. नव्या फ्लॅटसाठी रेरा आहे, पण तक्रार करणाऱ्याला. घरकुलासाठी फोटो आहेत. गावातल्या जुन्या माळवदासाठी मात्र काहीच नाही, आणि पावसाळ्यात जीव जातात ते तिथे. पडल्यावर टक्के मोजायला यंत्रणा आहे. पडण्याआधी येऊन ‘या खोलीत झोपू नका’ एवढं सांगायला कुणी नाही.

यासाठी नवा कायदा लागतो असं वाटत नाही. बीदरला गुरू नानक देव अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, भालकीला भीमण्णा खंड्रे तंत्रज्ञान संस्था आहे, कलबुर्गीला पीडीए महाविद्यालय १९५८ पासून आहे. दरवर्षी मे महिन्यात या महाविद्यालयांच्या सिव्हिल शाखेतल्या मुलांनी, शिक्षकांसोबत, एकेका पंचायतीतली माळवदं पाहावीत. शाळा आणि अंगणवाड्यांपासून सुरुवात करावी. धोक्याच्या खोलीवर लाल खूण, दुरुस्तीच्या घरावर पिवळी. यादी ग्रामसभेत वाचली जावी आणि घरकुलाचा अग्रक्रम लाल खुणेच्या घरांना मिळावा. यात खर्च आहे तो प्रवासाचा आणि जेवणाचा.

तोवर घरमालकाच्या हातात आहे ते त्याने करावं. पावसाळ्याआधी माळवदावरची जादा माती उतरवा, पन्हाळी साफ करा, पोट सुटलेल्या भिंतीजवळ अंथरूण टाकू नका. आणि यापुढे कुणी घर बघायला आलं की त्याला एवढंच विचारा: तुम्ही काय बघायला आलात, आणि काय बघणार नाही? जे तो बघणार नाही, ते बघणारा माणूस आपणच शोधून आणायचा आहे.